मी मागितलेलं मौन

माझ्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही बनारसला आलो. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्या काळात मी या बदलीला मनातल्या मनात फार शिव्या घातल्या. माहेर आणि सासर दोन्ही संगमनेरकडचं, दोन्हीकडे तीन पिढ्यांचे कॅथलिक. ह्यांनी पुण्यात रक्तपेढीत काम केलेलं होतं, म्हणून इथे महिनाभरातच एका खाजगी इस्पितळाच्या रक्तपेढीत टेक्निशियनची जागा मिळाली. मुलगी तेव्हा सातवीत होती.

घर मिळालं ते संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, एका मराठी काकूंच्या घराचा दुसरा मजला. काकूंचं घराणं पाच पिढ्या काशीत, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. आडनावावरून आम्ही कोण ते कळत नाही, तर लगेच सांगायची काय गरज, असं मी जिना चढताना ह्यांना म्हटलं होतं. हे म्हणाले, भिंतीवर क्रूस लावणार आहोत ना, मग तो काय कपाटाच्या आत लावायचा? आणि पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. काकूंनी आम्हाला आपादमस्तक पाहिलं. मग म्हणाल्या, “मांस-मच्छी ऊपर नाही पकवायची. बाकी तुमचा भगवान तुमच्याजवळ.”

हे अतिशय सावध, शिस्तीचा माणूस. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. अंघोळ झाली की क्रुसापुढे दोन मिनिटं उभं राहून दिवस अर्पण करायचे, मग चहा. संध्याकाळी साडेसातला जपमाळ. पाहुणा आला तरी चुकायची नाही. पाहुण्याला सांगायचे, तुम्ही बसा, आमची वीस मिनिटं आहेत. लहानपणी त्यांच्या वडिलांनी घातलेली सवय होती ती. मला खरं सांगायचं तर कधीकधी कंटाळा यायचा. माळेचे पाच टप्पे, येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, त्यांना आम्ही रहस्यं म्हणतो; तिसऱ्या रहस्यापाशी माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या.

त्या जानेवारीत रक्तपेढीतला त्यांचा जोडीदार आजारी होता आणि हे दोघांची ड्युटी एकटे करत होते. एका दुपारी दोन बायकांचे रक्ताचे नमुने एकदम आले. एकीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. दुसरी नुकतीच बाळंत झालेली, रामनगरची, तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. वरून सारखे फोन येत होते. घाईत ह्यांच्या हातून दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. बाळंतिणीला दुसऱ्याच गटाचं रक्त चढलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. रक्तस्रावाने गेली असं सगळ्यांनी धरलं आणि घरच्यांनी ते मान्य करून तिला नेलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनवाल्या बाईचा नवा नमुना आला. त्याचा गट कालच्याशी जुळेना. ह्यांनी कालच्या दोन्ही नळ्या काढून पुन्हा तपासल्या, आणि त्यांना कळलं.

ते तसेच वर मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, ह्यांना बसवलं, पाणी दिलं. शांतपणे सांगितलं की बाई तशीही वाचली नसती, तिची अवस्था मी पाहिली होती. नळ्या फेकून द्या आणि दोन दिवस सुट्टी घ्या. ह्यांनी नळ्या फेकल्या नाहीत. पण बोललेही नाहीत. घरी आले.

मंगळवार होता, म्हणजे दुःखाची रहस्यं. दुसरं रहस्य सुरू झालं आणि मरियेच्या प्रार्थनेतल्या ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ इथे येऊन हे थांबले. मुलीला वाटलं विसरले, तिने पुढचे शब्द सांगितले. हे उठून गच्चीवर गेले. आम्ही दोघींनी कशीबशी माळ संपवली. मग मी वर गेले, तर थंडीत बिनस्वेटरचे कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी नळ्यांच्या नंबरासकट.

मी काय म्हणाले ते आज लिहून ठेवते. मी त्या बाईबद्दल विचारलं नाही. तिचं बाळ जगलं का, हेही विचारलं नाही. मी म्हणाले, “कुणाला सांगू नका. डॉक्टर म्हणतात ना वाचली नसती. मग झालं.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली निघून गेले.

शनिवारी ते चर्चमध्ये फादरांकडे पापनिवेदनाला गेले. रविवारी मिस्साला आम्ही तिघं नेहमीच्या बाकावर होतो. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागली तेव्हा हे उठले नाहीत. बाहेर आल्यावर मी दबक्या आवाजात विचारलं, फादरांनी क्षमा दिली नाही का? ते म्हणाले, “दिली. पण ज्याची बायको गेली त्याला अजून काही माहीतच नाही.”

मी घाबरले. ह्यांच्या सगळं सांगून टाकण्याच्या स्वभावाचं भय मला लग्नापासून होतंच. दोन दिवसांनी मी बँकेतून अर्धी रजा टाकून एकटीच फादरांकडे गेले आणि सांगितलं, ह्यांना समजवा, आमची मुलगी लहान आहे, आपण इथे मूठभर लोक, उद्या पेपरात आलं तर सगळ्यांना त्रास. फादर मल्याळी होते, हिंदी तोलूनमापून बोलायचे. ते म्हणाले की पापनिवेदनात काय बोललं गेलं, किंवा काही बोललं गेलं की नाही, याबद्दल ते तोंड उघडू शकत नाहीत. मग त्यांनी विचारलं, मी स्वतःसाठी काय मागते आहे? मला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. मी उठून आले.

आणि त्याच दिवसापासून मी नोव्हेना धरली, संत योसेफाची, म्हणजे मरियेच्या नवऱ्याची. अख्ख्या शुभवर्तमानात ज्याच्या तोंडी एक शब्द नाही असा तो संत. बँकेत जेवणाच्या सुट्टीत, स्टोअर रूममध्ये, जुन्या रजिस्टरांच्या कपाटाआड उभी राहून मी नऊ दिवस रोज प्रार्थना केली की माझ्या नवऱ्याला गप्प राहायची कृपा मिळो. असं काही मागताना आपण काय मागतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

नोव्हेना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, “मी आज रामनगरला जातोय.”

मी म्हटलं, मीही येते. त्यांना वाटलं मी सोबत येते आहे. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पुढे काही बोलवेना. वाटेत कुठेतरी त्यांना परत फिरवीन, असा माझा बेत होता. रिक्षा पुलावर आली तरी शब्द सापडेना. हे खाली नदीकडे बघत खिशात जपमाळ चाचपत होते.

त्या माणसाचं बाजारात रजया शिवायचं छोटं दुकान होतं आणि मागेच घर. तिशीचाही नसेल. हंगाम संपत आला होता, तरी दुकानात कापूस उडत होता, त्याच्या केसांतही होता. आतल्या खोलीत त्याची आई बाळाला बाटलीने दूध पाजत होती. मुलगी होती. ह्यांनी आपण कोण ते सांगितलं तेव्हा इस्पितळातून कुणीतरी विचारपूस करायला आलं असं समजून त्याने आम्हाला बसायला चटई टाकली. ह्यांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. हिंदीत, साध्या शब्दांत. चिठ्ठ्या दोन होत्या, बदलल्या माझ्या हातून, चुकीचं रक्त गेलं, चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

तो ऐकत राहिला. सुईत दोरा होता तो त्याने काढून ठेवला. मग विचारलं, बरोबर रक्त मिळालं असतं तर वाचली असती का?

हे म्हणाले, “माहीत नाही. कदाचित वाचली असती.”

मी डोळे मिटून घेतले. निदान तिथे तरी डॉक्टरांचं वाक्य उच्चारायला काय हरकत होती, असं मला वाटलं.

मग तो माणूस म्हणाला, “मैं तो भगवान की मर्ज़ी मानकर बैठ गया था। आपने वो भी ले ली।” आवाज चढवला नाही त्याने. हे हात जोडून उभे राहिले, क्षमेचा शब्द काढला नाही. काय लागेल ते करा, मी नाकारणार नाही, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, आता जा.

त्याने तक्रार केली. करायलाच हवी होती. ह्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, नोकरी गेली, जामीन झाला. डॉक्टरांनी लिहून दिलं की त्यांना यातलं काहीच सांगण्यात आलं नव्हतं. ह्यांनी त्यावरही एवढंच म्हटलं की मी सांगितलं होतं, पण माझी चूक त्याने कमी होत नाही. चर्चमध्ये लोक दोन तऱ्हेचे झाले. काही जण ह्यांचा हात हातात घेऊन दाबायचे. काही जण आमच्या बाकावर बसेनासे झाले. एकाने तोंडावर विचारलं की एवढी सत्यवादी हौस होती तर समाजाचा विचार का नाही केला. माझ्या मनात होतं तेच तो बोलत होता, पण मला त्याचा भयंकर राग आला.

पोलीस दोनदा घरी आले. काकूंच्या मुलाने सुचवलं की भाडेकरू बदलावेत. काकू वर आल्या, सोबत वाटीत मेथीचे लाडू. मला म्हणाल्या, “घबरायचं नाही. पोलीस आले तर चाय पिऊन जातील. जो सच बोलला त्याला मी घराबाहेर नाही काढायची.”

त्यानंतर ह्यांना रक्ताच्या कामात परत जायचं नव्हतं. गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायचे. ख्रिस्तप्रसाद पुन्हा घेऊ लागले, पण पूर्वीसारखे हसले नाहीत. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे. सत्य सांगितलं की मन हलकं होतं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ह्यांचं झालं नाही. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का सांगितल्याचा? म्हणाले, सांगितल्याचा नाही. पण त्या माणसाचा चेहरा जात नाही.

तारखा पडत राहिल्या. मध्ये लॉकडाऊनमध्ये कोर्ट बंद होतं. निकाल लागलाच नाही. एका सकाळी क्रुसापुढे उभे असतानाच ह्यांच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचायच्या आत गेले. बावन्न वर्षांचे होते. काकू आयुष्यात पहिल्यांदा ख्रिस्ती कब्रस्तानात आल्या. कुठे उभं राहायचं ते कळेना म्हणून सगळा वेळ माझ्या पदराला धरून होत्या. माती लोटताना मला हळूच म्हणाल्या, काशीत गेले, मुक्त झाले. मी मान हलवली. आमच्या शिकवणुकीत तसं नाही, पण त्या क्षणी मला ते हवं होतं.

महिन्याने मी एकटी रामनगरला गेले. त्या माणसाला कळवणं मला भाग वाटलं. त्याला आधीच समजलं होतं. दारातच बोललो. तो म्हणाला की त्याने केस मागे घेतली नसती. मी म्हटलं, ह्यांनीही तशी अपेक्षा केली नव्हती. मग तो म्हणाला की प्रत्येक तारखेला तो ह्यांच्याकडे बघायचा, आज तरी हा माणूस आपल्या जबाबावरून फिरेल असं वाटायचं, पण ते फिरले नाहीत. त्याची मुलगी उंबऱ्यात बसून कापसाचे बोळे करत होती. मी तिच्यासाठी खाऊ नेला होता, पण देण्याचा धीर झाला नाही. तसाच परत आणला.

आमची मुलगी आता पुण्यात कॉलेजात आहे. गेल्या उन्हाळ्यात आली तेव्हा चर्चमधल्या एका बाईंनी तिला सांगितलं, तुझे वडील धैर्याचे, पण तुझी आई त्याहून. तिने साथ दिली म्हणून त्यांना जमलं. हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. दर वेळी मान खाली घालून ऐकायची, आणि लोकांना तो माझा नम्रपणा वाटायचा. त्या दिवशी घरी आल्यावर मुलगी माझ्या गळ्यात पडली. मला ते सहन झालं नाही. तिला समोर बसवलं आणि गच्चीवरचं वाक्य सांगितलं, फादरांकडे गेले होते ते सांगितलं, स्टोअर रूममधले नऊ दिवस सांगितले, रिक्षात मी कशासाठी बसले होते तेही.

तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. फक्त विचारलं, “पप्पांना माहीत होतं?”

मी म्हटलं, गच्चीवर जे बोलले तेवढं त्यांनी ऐकलं होतं. पुढचं मी कधी सांगितलं नाही. पापनिवेदनात फादरांना सांगितलं, देवाला सांगितलं, पण ह्यांना नाही. रोज संध्याकाळी वीस मिनिटं शेजारी गुडघे टेकून बसायचो आम्ही, तरी नाही.

ती म्हणाली, “पप्पांनी त्या माणसाला सांगितलं, तसं तू पप्पांना सांगायला हवं होतंस.”

बरोबर आहे तिचं. परत जाईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आता दर रविवारी फोन करते. जेवलीस का विचारते, चर्चला गेली होतीस का विचारते. मी हो म्हणते. त्यापुढे आम्हा दोघींनाही अजून जाता आलेलं नाही.