चिमणामावशींची बॅटरी

१९८३ साली पंचवटीतल्या एका बारा खाटांच्या प्रसूतिगृहात मी कंपाउंडर होतो आणि चिमणामावशी आया होत्या. मी मॅट्रिक झालेला, मावशींना सहीसुद्धा येत नव्हती. तरीही मागच्या अंगणातल्या चाकांवरच्या जनरेटरची जबाबदारी डॉक्टरीणबाईंनी मला न देता मावशींना दिली. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बाईंना माणसं ओळखता येत होती.

ते धूड बटण दाबून सुरू व्हायचं. बटणाला जोर यायचा तो शेजारच्या बॅटरीतून. बॅटरी उतरलेली असली की नुसतं 'टक्क' व्हायचं आणि सगळं गप्प. म्हणून मावशी तिला ओल्या बाळंतिणीसारखं जपत. खाली लाकडी फळी, टोकांवर साचलेला पांढरा क्षार सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलिनचं बोट. दर सोमवारी अर्धा तास जनरेटर चालवायचा, एकेक झाकण उघडून काचेच्या नळीत पाणी ओढायचं आणि आतला तरंगणारा रंग बघायचा. हिरवा म्हणजे भरलेली, लाल म्हणजे उतरलेली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ती नळी मावशी पोथीसारखी वाचत. आत पाणी कमी झालं तर बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही.

खंडेनवमीला मावशी सुट्टीवर होत्या. त्यांच्या वसाहतीत धम्मचक्र दिनाची तयारी असायची. इकडे यंत्रांची पूजा माझ्याकडे आली. ऑपरेशनच्या दिव्याला गंध लावलं, जनरेटरला कुंकू लावून झेंडूचा हार घातला. बॅटरीची झाकणं उघडली तर पाणी खाली गेलेलं, आणि डिस्टिल्डची बाटली मावशींच्या कुलपात. मी म्हटलं, गंगेपेक्षा, म्हणजे आमच्या गोदावरीपेक्षा, शुद्ध काय असणार? सकाळीच रामकुंडावरून तांब्या भरून आणला होता. सहाही खणांत तीर्थ घातलं आणि हात जोडले. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला!

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका दवाखान्यात बॅटरीवाला मिस्त्री भेटला. त्याला सहज विचारलं, तर त्याने कपाळावर हात मारला. नदीच्या पाण्यातल्या क्षारांनी बॅटरी बसल्या जागी उतरत जाते म्हणाला. माझी बायको मालन आठ महिन्यांची गरोदर होती आणि तिचं नाव आमच्याच प्रसूतिगृहात घातलं होतं. बाईंना सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर कुणाचातरी जीव. मी भित्रा निघालो. गप्प बसलो. रोज अंगणाकडे बघायचो, आणि मावशी रोज बॅटरी चार्जरला लावताना दिसायच्या.

सहा डिसेंबरला सकाळी मालनला कळा लागल्या आणि बाळ आडवं असल्याचं कळलं. बाईंनी ऑपरेशन ठरवलं. दार बंद झालं, दहा मिनिटं गेली असतील नसतील, तोच वीज गेली. आतून बाई ओरडल्या, "लाइट!" आता 'टक्क' ऐकू येणार, एवढंच डोक्यात होतं. पण अंगणातून एका दमात धडधड आली आणि दाराच्या फटीतून उजेड पडला. थोड्या वेळाने माझी लेक रडली.

मी अंगणात धावलो. मावशी पदराने हात पुसत उभ्या होत्या. तेव्हा मला तारीख आठवली. सतरा वर्षांत मावशींनी दादरच्या चैत्यभूमीचा एकही सहा डिसेंबर चुकवला नव्हता.

"मावशी, तुम्ही इथं कशा?"

"दोन दिस धरत नाय आता ही. रोज लावावी लागती. आन् मालनचे दिस भरलेले."

मला रडू फुटलं. "मावशी, बॅटरीत गंगेचं पाणी मीच…"

"ठाऊक हाय. झाकणाला आतून कुंकू लागलं व्हतं."

"मग बाईंना का नाही सांगितलं?"

"तुझी नोकरी गेली आस्ती, आठवा लागलेल्या बायकूला घेऊन कुठं गेला आस्तास?"

"मला तरी सांगायचं! मी लावली असती चार्जरला."

"तू?" मावशी हसल्या. "तू पुन्यांदा तीर्थ पाजलं आस्तं तिला. आरं, गंगा नदीतच बरी."

इतकं मोठं मन मी कुठल्या देवळात पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी बाईंसमोर सगळं कबूल केलं. खूप बोलणी खाल्ली, पण नोकरी राहिली आणि नवी बॅटरी आली.

पुढच्या वर्षी पाच डिसेंबरला मावशी पांढरी साडी नेसून, पिशवी घेऊन अंगणात आल्या. कुलपाची किल्ली आणि ती काचेची नळी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"हिरव्यात ठेव," म्हणाल्या, आणि मागे वळून न बघता स्टँडकडे निघून गेल्या.