यकृतवाले सर

आमचे सर प्रयोगशाळेतल्या उंदराला कधी उंदीर म्हणाले नाहीत. पेशंट म्हणायचे. यकृताचा मोठा भाग काढलेला पेशंट शुद्धीवर येऊन पाणी पिईपर्यंत कोणी डबा उघडायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आमच्या पोटात कावळे ओरडत, आणि हे हिवरखेडचे गृहस्थ पिंजऱ्यापुढे निवांत उकिडवे बसलेले. अमरावतीत त्यांना सगळे ‘यकृतवाले सर’ म्हणत, कारण ते दुसऱ्या कशावर बोलतच नसत. आमचा त्यांच्यावर फार जीव होता.

कापलेलं यकृत पुन्हा वाढतं. वाढीचा निरोप रक्तातून येतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर तो झेलतात. शस्त्रक्रियेनंतरच्या नमुन्यांत मला हे रिसेप्टर फारच थोडे सापडले. नमुने बिघडले असं समजून मी ते फेकायला निघालो, तर सरांनी हात धरला.

“अबे, कुठी चालला? कमी नाई झाले ते. निरोप घेऊन आत गेले. पुन्हा येतीन वर. घाई काहून करून राहिला?”

पुढच्या नमुन्यांत ते खरंच परत दिसू लागले. मी हरखलो. सरांना मात्र वेगळंच नवल होतं. “वाढते तं सगळंच. पुरेसं झालं का यकृत आपोआप थांबते, ते पाय,” म्हणाले.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, मिनूला, कावीळ झाली तेव्हा सर याच कामात बुडालेले होते. सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, तिला गावी नेऊन काविळीची माळ घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. डोक्यावरची माळ गळ्यात उतरली, पोटापर्यंत लांबली, आणि मिनूचं यकृत निकामी झालं. नातेवाईक काकूंना बोल लावू लागले, तेव्हा सर कधी नव्हे ते ओरडले.

“तिले काई म्हणू नका. पोरीचे डोळे पिवळे झालेले मले दिसाले पायजे होते. मी उंदरायचे पायत बसलो.”

नागपूरला त्यांनी आपल्या यकृताचा मोठा भाग मिनूला दिला. आदल्या दिवशी मी विचारलं, “सर, भीती वाटते?”

“माह्यं वाढते, मले माहीत हाये. तिच्यात गेलेलं वाढलं पायजे.”

तेही वाढू लागलं होतं. मग जंतुसंसर्ग झाला आणि मिनू गेली. तिला शेवटचं पाहायला सरांना चाकाच्या खुर्चीवरून न्यावं लागलं. काकू खुर्चीचा हात धरून चालत होत्या.

काही महिन्यांनी अकोल्याला त्यांच्या तपासणीसाठी मी सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांना मिनूचं ठाऊक नव्हतं. स्कॅनची फिल्म उजेडापुढे धरून ते कौतुकानं म्हणाले, “सर, अभिनंदन! यकृत जवळजवळ पहिल्याइतकं झालं.”

सरांनी फिल्म नीट पाहिली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन बाकावर बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

“पूर्ण वाढलं बे माह्यं,” ते म्हणाले. “आता मी याचं काय करू?”