उजव्या बाजूचं पदक

मामींचा फोन आला तेव्हा मी चेन्नईजवळच्या ओरगडमला, कारखान्याच्या फाटकात, कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. नव्या ट्रकांची रांग बाहेर पडत होती, हॉर्न चालले होते, त्यामुळे पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं आलं. "सेल्वीला तूच सांग मा, मजकडून होत नाही." तेवढ्यावरून कळलं, ज्यांना मी मामा म्हणायचे ते मेजर राव गेले. रडू नंतर आलं. आधी डोक्यात आलं ते हे, की आता साक्षीदार उरला नाही. हे वाचून मी कुणाला दगडाच्या काळजाची वाटेन. वाटू दे. मामांना स्वतःलाही मरणाची भीती वाटायची ती एवढ्याच एका कारणासाठी.

मेजर हणमंत राव तंजावरी मराठी. माझ्यासारख्या साताऱ्याहून नोकरीला आलेल्या मुलीला त्यांचं बोलणं सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. शब्द आपल्या पणजोबांच्या काळातले, हेल तमिळचा, वाक्याला जोडून मायेचं 'मा', आणि मधेच लष्करी इंग्रजी. आमची ओळख झाली ती भांडणातून. एग्मोरच्या एका सभागृहात माजी सैनिकांचा मेळावा होता आणि मी दाराबाहेर पत्रकं वाटत होते. दिवसा मी ट्रकांचे ब्रेक तपासते, उरलेल्या वेळात सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटाची पत्रकं लिहिते. त्या पत्रकाला मी मोठ्या खुशीत मथळा दिला होता, 'छातीवरची महागाई'. अमुक भागात राहिलात म्हणून एक पदक, अमुक वर्धापनदिनी नोकरीत होतात म्हणून एक, इतकी वर्षं भरलीत म्हणून आणखी एक. सगळ्यांच्याच छात्या भरल्या आहेत, तर त्यात शौर्याचं कुठलं हे ओळखायचं कसं, असा सगळा मजकूर. बहुतेकांनी तो न वाचता खिशात कोंबला. एकाने माझ्यासमोर फाडला. एक उंच, काटकुळे गृहस्थ मात्र, चेन्नईच्या त्या उकाड्यात करडा कोट घालून, भिंतीला टेकून शेवटपर्यंत वाचत राहिले. मी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून ते जवळ आले आणि मराठीत म्हणाले, "खोटें काही नाही. पण अर्धेंच आहे. कोणाला फार मिळालें तें लिहिलीस. कोणाला नाही मिळालें तें कोण लिहावें?"

मी तोंडाळ. म्हटलं, "तुम्हाला तर एकच मिळालेलं दिसतंय. आणि तेही चुकीच्या बाजूला लावलंत."

खरंच, कोटाच्या उजव्या बाजूला एकच पदक लटकत होतं. मागून कुणीतरी हसत गेलं, "काय राव सार, आजही आरशात बघूनच लावलं का?" मामांनी मान न वळवता उत्तर दिलं, "आरसा बरा आहे स्वामी, तो भाषण तरी करत नाही." मग मला समजावून सांगितलं. स्वतःची पदकं डाव्या बाजूला लावायची असतात. जो मेला त्याचं पदक त्याच्या घरच्यांनी लावायचं, ते उजव्या बाजूला. "मी घरचा आहे," ते म्हणाले. "कोणाचा, तें घरीं ये, सांगतों. मामी कॉफी बरी करते."

त्यांचं घर एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे मामींच्या कॉफीवर ती हकिगत मी पहिल्यांदा ऐकली. नंतर इतक्यांदा ऐकली की ती आता माझीच झाली आहे. डोंगरातली एक चौकी. गस्तीवर गेलेली तुकडी वरून आलेल्या गोळीबारात सापडली. तरुण अधिकारी हणमंत राव पहिल्याच मिनिटाला मांडीत गोळी लागून आडवे. इतरही जखमी. मुनुसामी नावाच्या शिपायाला त्यांनी ओरडून सांगितलं, मागे जा. तो गेला नाही. उतारावर पालथा पडून तो एकटा वरच्या शत्रूला गुंतवून ठेवत राहिला आणि तेवढ्यात बाकीच्यांनी जखमींना ओढत खाली आणलं. त्या ओढून आणलेल्यांत मामा होते. "पदकाच्या मजकुरांत आहे, जखमी असतां मी नेतृत्व केलों," ते म्हणायचे. "मी शुद्धीवर असलों तर शिव्या देत होतों मा. दुसरें काही नाही."

मग हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यांनी मुनुसामीसाठी शिफारस लिहिली. आणि इथे ती गोष्ट घडली, जिच्यावर पुढे त्यांचं सगळं आयुष्य अडकून पडलं. पलटणीचा कारकून त्यांना म्हणाला होता, सर, जे हवं त्याच्या एक पायरी वरचं पदक मागा. वर गेल्यावर एक पायरी कापतात, सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळेच वाढवून मागतात. आणि चार मोठी विशेषणं घाला, त्याशिवाय तिकडे कुणी वाचत नाही. मामांचं डोकं फिरलं. त्याच्या मरणाचा भाव करायला मी काय रंगनाथन स्ट्रीटच्या बाजारात बसलोय, म्हणाले, आणि त्यांनी साधी चार वाक्यं लिहिली. विशेषण एकही नाही. मागितलं ते सगळ्यात खालचं शौर्यपदक, कारण त्यांच्या हिशेबी, खोटं न बोलता जेवढं मागता येतं तेवढं तेच होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या कमांडरने खुद्द मामांसाठी शिफारस केली, ती मात्र रिवाजाप्रमाणे: एक पायरी वरची, विशेषणांनी मढवलेली. वरच्यांनी दोन्ही कागद सारख्याच हाताने कापले. मामांचं एक पायरी खाली येऊन पदक झालं. मुनुसामीचंही एक पायरी कापलं, आणि त्याच्याखाली पायरीच नव्हती.

मी ट्रकच्या कारखान्यात काम करते. दहा ब्रेक तपासून एक चुकीचा निघाला तर आम्ही तो एकटा फेकत नाही, माप बघतो. माप चुकलं असेल तर बरोबर निघालेलेही चूकच. पदकांच्या या व्यवहारात माप केव्हाच चुकलंय आणि कुणालाही त्याची लाज नाही. सगळे वाढवून लिहितात म्हणून वरचे कापतात, वरचे कापतात म्हणून सगळे आणखी वाढवतात. यात मरतो तो ज्याच्या बाजूने कुणी खरं लिहिलं तो. आणि ज्याच्या बाजूने लिहायला चांगलं इंग्रजी येणारा कुणीच नव्हता, त्याची तर गोष्टच सोडा.

मुनुसामीची बायको सेल्वी अम्मा तांबरमला राहते. एका कॉलेजच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने भाज्या चिरण्यात उमेदीची वर्षं घालवली. नवरा कारवाईत मेला एवढंच तिला कळवलं होतं. त्याने काय केलं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी विचारायची, अप्पा कसे मेले, आणि ही गप्प. पलटणीच्या स्मारकाला एकदा बोलावलं तेव्हा दगडावर त्याचं नाव होतं, इतर मेलेल्यांच्या रांगेत. पदकवाल्यांची नावं वेगळ्या पाटीवर, सोनेरी अक्षरांत, आणि त्यांत राव... मामा निवृत्त झाल्यावर तिला शोधत गेले आणि तिच्या दारात उभं राहून त्यांनी मुनुसामीने काय केलं ते सगळं सांगितलं. तेव्हापासून ते पदक उजवीकडे गेलं.

एकदा मीही त्यांच्याबरोबर तांबरमला गेले होते. मामांनी त्या दिवशी ते पदकच काढून तिच्या हातावर ठेवलं. मला वाटलं, ती रडेल. तिने ते उलटंसुलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरून विचारलं, "इथे काय कोरलंय?" पदकाच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव असतं. मी वाचलं. मामांचा नंबर, मामांचा हुद्दा, मामांचं नाव. तिने ते मामांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटवली.

"हे तुमचं, सार. माझं आणा."

परतीच्या लोकलमधून एग्मोरला उतरताना मामा एवढंच म्हणाले, "बरोबर बोलली. वाईट नाही बोलली."

त्यानंतर आम्ही अर्जांमागे लागलो. उत्तरं यायची ती एकाच साच्यातली, मुदत उलटून गेली, जुनी प्रकरणं उघडता येत नाहीत. मी पत्रकं काढली, सभा घेतल्या, माजी सैनिक संघटनेच्या अध्यक्षांशी भांडले. शेवटी एका मोठ्या कार्यालयाने दार किलकिलं केलं: प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार स्वतः हजर राहणार असेल तर ऐकून घेऊ. तुकडीतले बाकीचे एकेक करून गेलेले. उरले होते फक्त मामा. निवेदन नव्याने लिहायचं होतं. त्यांनी पुन्हा तीच चार वाक्यं लिहून आणली.

मी म्हटलं, "मामा, पुन्हा तेच? पुन्हा कापतील."

ते उठून खिडकीशी गेले. खाली इस्त्रीवाल्याच्या गाडीवर कोळशाचा धूर होता. मग म्हणाले, "सरि, बरें. ह्यावेळीं वरचें मागूं. सगळ्यांत वरचें. कापूं देत." कागद माझ्याकडे सरकवला. "विशेषणें तू घाल मा. मी सही करतों. वाचून दाखवूं नको."

मी घातली. पत्रकं लिहिणारीला विशेषणांची काय कमी! अतुलनीय, असामान्य, प्राणांची पर्वा न करता... मामांनी शेवटच्या पानावर सही केली, नजर भिंतीवर ठेवून. आयुष्यभर जे केलं नाही ते त्या माणसाने त्या दिवशी केलं, आणि तेही खरं पोहोचावं म्हणून. हे ज्यांनी त्यांना करायला लावलं त्यांच्यापैकी कुणाचीही झोप उडालेली नाही, हे मी लिहून देते.

तारीख मिळाली. कोट ड्रायक्लीनिंगला गेला, परत आला. तारखेच्या आधी मामा गेले.

मी तांबरमहून सेल्वी अम्माला घेऊन पोहोचले तेव्हा पुढच्या खोलीत मामा काचेच्या शीतपेटीत होते. धोतरासारखी पांढरी वेष्टी, पांढरा शर्ट, आणि पदक... डाव्या बाजूला. संघटनेचे अध्यक्ष तेवढ्यासाठी लवकर आले होते. इतकी वर्षं त्यांना जी दुरुस्ती करता आली नाही ती आता, ज्याने हरकत घ्यायची तो झोपलेला असताना, त्यांनी करून टाकली होती. सेल्वी अम्मा पेटीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, "ते या बाजूला लावा."

"अम्मा, उजवीकडे मेलेल्याच्या घरचे लावतात," अध्यक्ष सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले.

"ठाऊक आहे. माझ्या नवऱ्यासाठी लावायचे ते."

"आज नको अम्मा. फोटो काढायचेत. लोक काय म्हणतील?"

मी आवाज चढवला. लोकांनी मला जिन्यात नेऊन उभं केलं. आत भाषण सुरू झालं आणि मी बाहेरून ऐकलं, अतुलनीय, असामान्य, प्राणांची पर्वा न करता. शब्दही तेच. पेटी उघडली ती थेट निघायच्या वेळी. पदक काढून घडी केलेल्या झेंड्यावर ठेवलं आणि मामींच्या हातात दिलं, फोटो काढला.

गेल्या आठवड्यात त्या कार्यालयाचं उत्तर आलं. साक्षीदार हयात नसल्याने प्रकरण बंद. सेल्वी अम्माला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आता कोण सांगणार?" तर मी सांगते, इथे, रविवारच्या पुरवणीत, मामांच्याच पहिल्या चार वाक्यांत, माझं एकही विशेषण न घालता. शिपाई मुनुसामी याला मागे जाण्याचा हुकूम दिला होता. तो गेला नाही. आम्हां जखमींना खाली आणेपर्यंत तो उतारावर पडून गोळीबार करत राहिला. बाकीचे परत वर गेले तेव्हा तो मेलेला होता आणि त्याच्याजवळ एकही गोळी उरली नव्हती.

परवा मामींकडे गेले होते. मामांच्या वादांत मामी कधी पडल्या नाहीत. पदक कुठलं, बाजू कुठली, याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी अक्षर ऐकलं नव्हतं. त्यांनी कॉफी दिली आणि आतल्या खोलीतला पंखा बंद करून ये म्हणाल्या. आत दारामागच्या खुंटीवर तो करडा कोट होता, ड्रायक्लीनिंगचं प्लास्टिक अजून खांद्यावर. प्लास्टिक पुढून फाडलेलं होतं आणि उजव्या बाजूला पदक लावलेलं होतं, सरळ, नीट. मी पंखा बंद करून बाहेर आले.

मामी पेला विसळत होत्या. म्हणाल्या, "तिथें भोकें पडलेलीं आहेत मा. दुसरीकडे नवीं कशाला पाडावीं?"