राखीव खाटा : शून्य

मी हसलो होतो. आधी ते सांगतो, मग बाकीचं.

नाशिकमधल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी दाखल-खिडकीवर कारकून होतो. अशा रुग्णालयांना गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवाव्या लागतात. कायदाच आहे. किती शिल्लक आहेत, ते दारातल्या फळ्यावर मी रोज सकाळी खडूनं लिहायचो. वर वॉर्डात न जाताच. शून्य. व्यवस्थापक साहेबांचं तसं सांगणं होतं. खाटा रिकाम्या असायच्या. मला माहीत होतं.

साळूबाई नवऱ्याला घेऊन आल्या. बाजारात मेथी-शेपू विकणारी बाई. नवऱ्याला साखरेचा आजार, अंगठा काळा पडलेला. पिशवीत पिवळं रेशनकार्ड, तहसीलचा दाखला.

“दादा, गरिबाची खाट हाय म्हणत्यात इथं.”

“बाई, फळा वाच की.”

“वाचता नाय येत.”

“मग मेथीच्या जुड्या कशा मोजतेस?”

आणि हसलो. रांगही हसली. त्यांनी दाखल्याची घडी घातली, नवऱ्याचा हात खांद्यावर घेतला आणि गेल्या. दोन-तीन दवाखान्यांची दारं फिरेपर्यंत पाय सडला. गुडघ्याखालून काढला. हे मला वॉर्डबॉयनं सांगितलं. त्या दुपारीही मी डबा पूर्ण खाल्ला.

पुढच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. माझा पगार एवढा कमी, की मीही त्याच खाटांच्या हक्काचा. आईला स्ट्रेचरवर ठेवून साहेबांपुढं उभा राहिलो.

“साहेब, राखीवमधली एक…”

“फळ्यावर काय लिहिलंय?”

“शून्य.”

“अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“स्वतःचं अक्षर वाचता येत नाही का?”

सगळी रांग हसली. माझ्याच खिडकीवरची.

आईनं विचारलं, “अरे, खरंच नाही का रे खाट?”

मी जिना चढून वर गेलो. पहिल्यांदाच मोजल्या. पाच. खाली आलो, शून्य पुसलं, पाच लिहिलं. रांगेतला एक मजूर कागद घेऊन पुढं सरकला. साहेब एवढंच म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

आईला दुसरीकडं नेलं. ती वाचली. बरोबर डबा खाणाऱ्यांनी माझे फोन उचलायचं सोडलं. घरात आई आणि मी. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. तेच जड जायचं.

बाजारात जाऊन कितीदा तरी तसाच परत फिरलो. शेवटी एका सकाळी साळूबाईंपुढं थांबलो. शेजारी नवरा गोणपाटावर बसून जुड्या बांधत होता.

“खिडकीवाला ना तू? लय हसला होतास. मेथी घेतोस का?”

“मावशी, त्या दिवशी वर खाट होती. मी खोटं बोललो.”

नवऱ्याचे हात थांबले. “आम्ही नशीब म्हणत व्हतो,” तो म्हणाला.

“आता सांगून पाय येणार हाय का?” साळूबाई म्हणाल्या.

“नाही. पण धर्मादाय आयुक्तांकडं तक्रार दिलीय. साहेबांचं नाव आहे, माझंही आहे. ते काढणार नाही. बोलावतील तेव्हा साक्षीला जाणार, कुणी सोबत नसलं तरी.”

आजूबाजूचे गाळेवाले बघत होते. बघू दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो,

“खाट तुमची होती. मी दिली नाही. माफी मागतो.”