बारा मिलिमीटरचे सहा

खंडाळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पांढरी फळी आहे. दोन फूट लांब, वीतभर रुंद. बघणाऱ्याला संगमरवर वाटतो, पण तो दगड नाही. राळ आणि पांढरी भुकटी कालवून ओतलेला तक्ता आहे. दुकानदार त्याला सॉलिड सरफेस म्हणतात. हल्ली हॉटेलांच्या काउंटरवर सगळीकडे तोच दिसतो. लाकडासारखा कापता येतो आणि दिसतो मात्र दगडासारखा. हीच त्याची खोड, कारण माझ्या बहिणीने त्याला दगडच समजलं.

माझी थोरली बहीण, आक्का, लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं चिक्की लाटत होती. गुडघे कुरकुरायला लागले तसं ते काम सोडून तिने या बंगल्यातला स्वयंपाक धरला. बंगल्याच्या मॅडम पुण्याच्या. त्या शनिवारी येतात, रविवारी जातात. बाकी दिवस बंगल्याची किल्ली आक्काच्या कमरेला. मेहुणे गेल्यापासून ती आमच्याकडे कुरवंड्यात राहते. "हातपाय चालत्यात तवर कुणावर भार न्हाई घालायची," हे तिचं पालुपद. त्या किल्लीवर तिचं सगळं अवलंबून होतं, पोट कमी आणि मान जास्त.

जानेवारीत मॅडमच्या नातवंडांनी घरी केलेली चिक्की मागितली. शनिवारी पोरांसमोर फजिती नको म्हणून आक्काने मंगळवारीच करून बघायचं ठरवलं. गूळ चढवला, दाणे घातले, त्या पांढऱ्या फळीला तेलाचा हात फिरवला आणि उकळता पाक तिच्यावर ओतला. टक्क आवाज झाला. गार झालेली चिक्की काढली तर खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा आणि मधोमध तपकिरी फोड.

ती घरी आली आणि दारातच सगळं सांगून मोकळी झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आगं, पन त्यावर वतलंस कशाला?"

"दगुड म्हून वतलं. कारखान्यात दगडावरच वततो की आमी."

"जन्मात लाटण्याबिगर काय आलंय तुला?"

हे मी बोललो. मोठ्या बहिणीला बोललो. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली.

आता थोडं माझ्याविषयी. मी रेल्वेत फिटर होतो. निवृत्तीनंतर जुना गोठा साफ करून तिथे माझं वर्कशॉप केलं: एक टेबल, एक व्हाइस, लाकूड कोरायचा राऊटर, ग्राइंडर आणि भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं. माझं माप चुकत नाही, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत असे. त्यामुळे फळी नवी करायची जबाबदारी मी न विचारता घेतली. मॅडमच्या गॅरेजमध्ये त्याच पांढऱ्या तक्त्याचे दोन उरलेले तुकडे पडून होते. बुधवारी ते घरी आणले, व्हर्नियर लावून जाडी मापली आणि पहिला धक्का बसला. खिडकीखालची फळी तिथे मापली तेव्हा सहा मिलिमीटरची होती, हे तुकडे बाराचे. खिडकीचं दार आतल्या बाजूला त्या फळीवरून अगदी घासून उघडतं. बाराची बसवली असती तर खिडकी उघडलीच नसती. म्हणजे अर्धी जाडी उडवायची, तीही सगळीकडे सारखी.

मी म्हटलं, त्यात काय! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ग्राइंडरला जाड पॉलिश पेपरची चकती लावली आणि बसलो घासत. पांढरी धूळ अशी उडाली की तासाभराने मी गिरणीतून आल्यासारखा दिसत होतो. कोपऱ्यात ठेवलेल्या बैलाच्या जुन्या घुंगरमाळेवरसुद्धा थर बसला. तुकडा तापला, जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. गार झाल्यावर मापला तर एका कोपऱ्यात नऊ, मध्ये पाच, पलीकडे साडेसात. वर पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसत होता. इलेक्ट्रिक रंध्याने उंचवटे काढायला गेलो, तर कडेचा नखाएवढा टवका उडाला. पहिला तुकडा संपला. आता एकच उरला होता, आणि तसा दुसरा मिळेल याची खात्री नव्हती. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

गुरुवारी दुपारी मी तो शेवटचा तुकडा समोर ठेवून नुसता बसलो होतो. आक्का चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवला, बिघडलेला तुकडा उचलला, त्यावर तळवा फिरवला. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"पट्ट्या न्हाई लावल्यास?"

"कसल्या पट्ट्या?"

ती घरात गेली आणि कारखान्यातून सोबत आणलेल्या दोन शिसवी पट्ट्या घेऊन आली. त्या टेबलावर समोरासमोर, हातभर अंतरावर ठेवल्या आणि त्यांच्यावर आडवं लाटणं टेकवलं.

"पाक ह्या दोनींच्या मधी. लाटणं पट्ट्यांवरनं फिरतं, पाकावरनं न्हाई. कितीबी जोर लाव, लाटणं पट्टीच्या खाली जातच न्हाई. मग वडी कुटंबी तोड, सारखीच. हातावर भरवसा ठिवला तर वडी वाकडी. लय वर्सं हातात असली तरीबी."

मी त्या लाटण्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं तिच्या हातची चिक्की खाल्ली होती, आणि ती सगळी एका जाडीची कशी होते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मी तसंच केलं. खिडकीच्या कामातून उरलेल्या अॅल्युमिनियमच्या दोन सारख्या पट्ट्या टेबलावर समांतर आवळल्या. त्यांच्यामध्ये तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्का बसवला. राऊटर एका लांब प्लायवर बसवला. प्लायची दोन्ही टोकं पट्ट्यांवर टेकली आणि पातं प्लायला मधोमध पाडलेल्या भोकातून खाली आलं. लाटण्याच्या जागी राऊटर, एवढाच फरक. पातं एका वेळी मिलिमीटरभर खाली घ्यायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, तुकडा गार होऊ द्यायचा, मग पुन्हा. घाई केली की तो तापून वाकतो. पहिल्या फेरीनंतर धूळ झटकून मापलं: अकरा, अकरा, अकरा. मी मोठ्याने हसलो. पाच फेऱ्यांत काम संपत आलं; शेवटची फेरी शुक्रवारी सकाळी अर्ध्याच मिलिमीटरची घेतली आणि राहिलेला अर्धा ओल्या पॉलिश पेपरने घासून काढला. चारही कोपरे सहा. दुपारी बंगल्यावर जाऊन जुनी फळी उपटली, नवी चिकटवली. खिडकी पूर्वीसारखी घासून उघडली.

घरी येताना मी आक्काला बजावलं, "आता कुनाला सांगाया जाऊ नगं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने कमरेची किल्ली चाचपून बघितली.

शनिवारी तिच्या पिशव्या घेऊन मीही बंगल्यावर गेलो. खरं तर मला माझी फळी बघायची होती. मॅडमनी चहाचा कप नेमका तिच्यावरच ठेवला आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या काहीच लक्षात आलं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात मेथी निवडता निवडता आक्का बोलली.

"मॅडम, ती फळी मी फोडली व्हती. गरम पाक वतला तिच्यावर. माज्या भावानं नवी करून बसवली."

हात दाखवून अवलक्षण, म्हणून मी कपाळाला हात लावणार होतो. पण मॅडम वाकल्या, फळीवर बोट फिरवलं, खिडकी उघडून मिटून बघितली. "मावशी, अहो, भाजलं तर नाही ना तुम्हाला कुठे?" एवढंच त्यांनी तिला विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "इतकी सपाट कशी केलीत हो घरच्या घरी?"

आणि मी सांगायला लागलो. राऊटर, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, एकेक मिलिमीटरची फेरी, तापू न देणं. दहा मिनिटं बोललो असेन. रेल्वेतल्या सवयी कशा कामाला येतात, हेही सांगितलं. मॅडम कौतुकाने मान हलवत होत्या. आक्का मेथीच्या काड्या वेगळ्या करत होती.

परत येताना रिक्षात ती रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. कुरवंड्याचा चढ लागल्यावर, बाहेर बघतच म्हणाली, "पट्ट्या कुनाच्या, ते न्हाई सांगितलंस."

"इसरलो," मी म्हणालो.

विसरलो नव्हतो. सांगायचं अगदी ओठावर होतं, पण मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि मला ते बरं वाटत होतं. जिला लाटण्याबिगर काही येत नाही असं मी म्हणालो होतो, तिच्या लाटण्यानेच मला वाचवलं, हे परक्या माणसासमोर म्हणायला जीभ वळली नाही. याची मला अजून लाज वाटते.

किल्ली आजही आक्काच्याच कमरेला आहे. आपली चूक तिने मेथी निवडता निवडता सांगून टाकली. मला तिच्या पट्ट्यांचं सांगायला हे एवढं लिहावं लागलं.