वाणाच्या बाटल्या

भीती म्हटलं की लोकांना साप आठवतो, विहीर आठवते. मला संत्र्याच्या रसाची बाटली आठवते. हसू नका, ऐकून तर घ्या.

आमचं गाव चांदूर बाजाराकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. ह्याच गावात आम्ही बायांनी बाटली आडवी केली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातलं दारूचं दुकान उठवायचं असेल तर बायांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. घरोघरी फिरून बायांना मतदानाला काढणाऱ्यांत मी पुढे होते आणि माझ्या मागे माझी धाकटी जाऊ. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या दिरानं, पिऊन घरात काय काय केलं ते लिहीत नाही. जावेच्या उजव्या मनगटाचं हाड अजून वाकडं आहे, तेवढ्यावरून समजून घ्या. दुकान उठलं, पुढे दिराचीही सुटली. कशी सुटली ते देव जाणे, पण सुटली. तेव्हापासून जाऊ माझा शब्द खाली पडू देत नाही.

आणि अशा घरात माझ्या सुनेनं वाइनचा कारखाना काढायचं म्हटलं!

सून बार्शीटाकळीकडची. अकोल्याला फळप्रक्रियेचं शिकून आलेली. पोरगी कामाची आहे, खोटं कशाला बोलू. आमच्या बगिच्यातला बारीक माल व्यापारी बाजूला काढतो, गळलेली फळं तर बांधावर सडतात. त्या मालाकडे पाहून तिचा जीव तुटायचा. एका संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. म्हणाली, "आई, आपल्याच राज्यातल्या फळाची वाइन असली तं सरकार तिले दारूच्या रांगेत नाही बसवत. उत्पादन शुल्कात सूट देते, विक्रीकरातलाही बराचसा पैसा कारखान्याले वापस करते. नाशिककडचे द्राक्षवाले त्याच्याच भरवशावर उभे झाले. आता बाकीच्या फळायचीही वेळ हाय."

मी म्हटलं, "तेलावरचा कर माफ केला का सरकारनं? खतावरचा? आमच्या संत्र्याले कोणी इचारत नव्हतं तेव्हा कोणाले दया आली होती का? अन दारूवर बरी माया आली!"

"दारू नाही आई, वाइन."

"नशा येते का नाही?"

मुलगा मधे पडला. "आई, हिशोब समजून घे. ही सूट नसली तं आपली बाटली इतकी महाग पडन का कोणी हात नाही लावणार. सूट हाय म्हणून तं करून राहिलो."

खरं सांगते, पहिली भीती मला तिथंच वाटली. ज्याचा सगळा डोलारा सरकारच्या माफीवर, त्याचं काय खरं? टीव्हीवर आम्ही पाहिलंच होतं. वाइन मोठमोठ्या किराणा दुकानांत ठेवायची म्हणून एकदा ठरलं, लोक ओरडले, मग ते राहून गेलं. आज माफ आहे, उद्या कोणी ओरडलं तर? तोवर आमची शेड उभी, टाक्या बसलेल्या. आणि मग त्या टाक्या घेऊन मी कुठं जाऊ? संत्र्याचं झाड तरी तोडून जाळता येतं.

पण कारखान्याला गावाचा ना हरकत दाखला लागत होता. सरपंचानं हात वर केले. म्हणाला, ह्या गावात बाटली बायांनी आडवी केली, उभी करायची का तेही बायाच सांगतील. सव्वीस जानेवारीच्या आधी महिलांची ग्रामसभा असते, तिथं ठरवायचं झालं. बायांनी नाही म्हटलं की सुनेचा कारखाना संपला. अर्जाची मुदतही त्याच महिन्यात सरत होती.

मधे संक्रांत आली. हळदीकुंकू सुनेचं, माझं कपाळ मोकळं, मी आत बसून तिळगूळ भरून देत होते. वाण काय द्यावं? सुनेकडे बाटल्या बनवणाऱ्यानं नमुन्याच्या बाटल्या पाठवल्या होत्या, हिरव्या काचेच्या, लांब मानेच्या, मोठ्या देखण्या. तिच्या डोक्यात आलं, ह्याच्यात संत्र्याचा रस भरून देऊ. बायांना समजेल की आपल्याच संत्र्याचं काय होऊ शकतं. रस उकळला तर कडू होतो, हे आमच्याकडे पोरंही सांगतील. म्हणून तिनं कच्चाच भरला, वरून टोपणं घट्ट दाबली आणि दारात उभी राहून प्रत्येकीला सांगितलं, "काकू, आजच्या आज पिऊन टाकजा बरं. ठेवू नका."

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे वाण कोणी त्याच दिवशी संपवतं का? वाटी दिली तर ती फडताळात जाते, कंगवा दिला तर पेटीत जातो. आणि ही तर असली देखणी बाटली! बायांनी मान डोलावली आणि बाटली घरी नेऊन सजवून ठेवली.

आठेक दिवस गेले असतील. दुपारी मी वांगी चिरत होते. एकाएकी फट्ट! मला वाटलं गॅसचं सिलिंडर फुटलं. मी तशीच विळीवरून उठले. पाहते तर आमच्या घरी उरलेल्या बाटलीचं टोपण छताला लागून खाली पडलेलं आणि बाटलीतून फेस उतू चाललेला. सगळ्या स्वयंपाकघरात तो वास. आंबूस, गोडूस. मी ओळखला.

सून धावत आली. फेस पाहिला आणि पांढरी पडली.

"आई, रस फुगला. कच्चा होता ना... बंद बाटलीत गॅस धरते."

"म्हणजे?"

"म्हणजे टोपण नाही उडालं तं काच फुटते. बाकीच्यायनं पिला असन ना वो?"

 गावभर त्या बाटल्या कुठं कुठं बसल्या आहेत ते माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. कोणाच्या देवाजवळ, कोणाच्या पाळण्याजवळ. एखादीच्या डोळ्यात काच गेली तर? कारखाना गेला खड्ड्यात, त्या डोळ्याचं काय? आणि नाही फुटली, पण कोणी उघडून वास घेतला, तर गावात एकच बोंब होणार की ह्यांनी हळदीकुंकवात दारू वाटली. सभा दोन-तीन दिवसांवर.

सून चपला घालून निघाली. मी तिचा हात धरला.

"तू नको जाऊ. तू मागाले गेली तं वाण वापस घेतलं म्हणतीन."

"मंग?"

"मी जातो."

म्हटलं खरं, पण काम सोपं नव्हतं. दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे सवाष्णीच्या सौभाग्याला हात घालायचा, असं समजतात आमच्याकडे. आणि ते मागायला कोण जाणार? मी. रिकाम्या कपाळाची. पण सुनेनं जाण्यापेक्षा मी गेलेलं बरं होतं, मला म्हातारीला कोणी काय म्हणणार होतं! मी एक ओलं पोतं घेतलं, टोपण काढायची किल्ली घेतली आणि निघाले.

पहिल्या घरी बाटली काचेच्या कपाटात, नातवाच्या कबड्डीच्या ढालीशेजारी. घरची सून म्हणाली, "काकू, किती सुंदर दिसून राहिली ना?" मी म्हटलं, "वाण नाही मागत बाई. फक्त टोपण काढून देतो. रस उतरला." पोतं गुंडाळून, तोंड फिरवून मी टोपण काढलं. फुस्स झालं आणि ती दोन पावलं मागे सरली. दुसऱ्या घरी फ्रिजवर, खिडकीतलं ऊन नेमकं तिच्यावर. हात लावला तर बाटली कोमट. मी ती अंगापासून लांब धरून किल्ली लावली. घरची म्हातारी म्हणाली, "काहून वो, बॉम्ब हाय काय त्याच्यात?" मी हसले. काय करता, हसावं लागलं. तिसरीकडे घरच्या बाईची नात बाटलीला फडकं गुंडाळून, बाहुली म्हणून मांडीवर थोपटत बसली होती.  तिच्या मांडीवरून बाटली उचलेपर्यंत मी श्वास घेतला नाही. एकीनंच तेवढा त्या दिवशी रस पिऊन टाकला होता, तिला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

शेवटी जावेचं घर. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"बाटली कुठं हाय वो?" मी विचारलं.

 तिनं कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या घडीत, अगदी खाली, बाटली आडवी ठेवलेली.

"बाई, रस हाय हे माहीत होतं मले," ती म्हणाली. "पण घरात बाटली दिसली तं ह्याच्या मनात काय येईन सांगता येत नाही. फेकू कशी? वाण हाय. म्हणून कुलपात टाकली."

मी पोत्यात धरून टोपण काढलं. वास बाहेर आला. तिनं वाकडं मनगट नाकावर धरलं आणि भिंतीला टेकली.

"हा तं तोच वास हाय."

"सुनेनं नाही केलं वो. आपोआप झालं."

"आपोआप?" ती माझ्याकडे पाहत होती. "आपोआप होते, अन सरकार कर माफ करते. मंग अडवणार कोण बाई?"

मी बाटली घेऊन मोरीकडे वळले. मोरीत रस ओतला, पाणी टाकलं, पुन्हा टाकलं, तरी वास जाईना.

सभेला बाया एवढ्या आल्या की शाळेच्या व्हरांड्यात जागा पुरेना. सुनेनं काही लपवलं नाही. बाटल्यांतला रस फुगला ते सांगितलं, चूक माझी म्हणाली. एक फटकळ बाई म्हणाली, "तुयी सासू गावभर फिरली म्हणून वाचलो, नाही तं आमच्या घरी संक्रांतीची दिवाळी झाली असती!" हशा झाला. मग जाऊ उठली. तिनं तेच विचारलं, सगळ्यांसमोर. "सरकारनं सूट दिली म्हणजे सरकारले बाटली विकायची हाय. आमच्या घरातल्या माणसाले कोण अडवन?"

सून म्हणाली, "काकू, ते मी नाही अडवू शकत. गावात एकही बाटली विकणार नाही, तेवढं लिहून देतो. शेड गावाबाहेर, आमच्या बगिच्यात. पुढचं माझ्या हातात नाही."

बायांत कुजबूज झाली. मग कोणीतरी म्हणालं, "हो म्हणायचं असन तं मोठ्या बाईनं पहिले हात वर करावा. आडवी त्यायनंच केली होती." सगळ्या माझ्याकडे वळल्या. सुनेनं मान खाली घातली होती. चूक सगळ्यांसमोर कबूल केली, पण माझ्याकडे बघतही नव्हती; नजरेनं काही मागितलं असतं तर कदाचित माझा हात उठला नसता. मी हात वर केला. मागून बांगड्या वाजल्या, एकेक हात वर जात गेला. जावेचा हात पदराखालीच राहिला. मी तिला दोष देत नाही.

दाखला मिळाला. सून घरी येऊन रडली, आनंदानं का कशानं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चप्पल वाजली. दीर. दाढी केलेली, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. खाटेवर बसला नाही, उभाच राहिला.

"वहिनी, ऐकलं. चांगलं झालं. बगिच्यात शेड होईन तं राखणीले माणूस लागन ना? बाहेरचा कशाले पाहता? मी हाय घरचा."

सून चहाचं पातेलं हातात धरून दारात थबकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. जाऊ कुंपणाच्या पलीकडे उभी होती, डोक्यावर पदर घट्ट ओढून. हलत नव्हती.

"शेडचा अजून पायाही नाही खोदला भाऊजी," मी म्हटलं. "बसा, चहा घ्या."

तो बसला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, शांतपणे प्याला. बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "पाया खोदला का सांगजा मंग. मी रोज चक्कर मारत जाईन."