रविवारचा भांडणवर्ग

या जगात जे काही चाललं आहे ते चुकीचं चाललं आहे आणि कोणीतरी ते मुद्दाम तसं चालवलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझे मामेसासरे. बायकोचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो. सूर्य उगवण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण तो आमच्या सोसायटीच्या मागून उगवतो आणि समोरच्या सोसायटीला आधी ऊन मिळतं, हे त्यांना मान्य नव्हतं. नळाला पाणी आलं नाही तर ते भांडायचेच, पण आलं तर "मग काल का नाही आलं?" म्हणून भांडायचे. याला कारण होतं. मुंबईतल्या एका जहाज कंपनीच्या तक्रार विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. लोकांचा माल भिजायचा, फुटायचा, हरवायचा. लोक पत्रांतून नाही नाही ते बोलायचे आणि मामा चौतीस वर्षं त्यांना 'कळवण्यास अत्यंत खेद होतो' असं सुबक इंग्रजीत कळवत राहिले. तो साठलेला खेद निवृत्तीनंतर एकदम बाहेर पडला आणि नेमका तेव्हाच त्यांनी वाशीला, आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी तळमजल्यावर राहत होतो.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. वाशीत रस्ते रुंद होते आणि त्यांच्या कडेची झाडं माणसाच्या कमरेएवढी होती. जवळच एक इंजिनियरिंग कॉलेज निघालं होतं आणि तिथे येमेन, केनिया, सुदान अशा देशांतली मुलं शिकायला यायची. एक दिवस कॉलेजने नोटीस लावली की, या परदेशी विद्यार्थ्यांशी इंग्रजीत गप्पा मारायला स्थानिक नागरिक हवे आहेत, काम सेवाभावी आहे. मामांनी ती नोटीस वाचली आणि ते संतापले. "सेवाभावी म्हणे! म्हणजे कोणी येणार नाही हे यांना आधीच ठाऊक आहे. परक्या मुलुखातली पोरं आणून ठेवली आणि त्यांच्याशी बोलायला माणूस नाही? लाज आहे का?" असं कॉलेजच्या ऑफिसात जाऊन ते सुनावून आले आणि येताना स्वतःचं नाव नोंदवून आले. पहिल्या रविवारी शिपायाने वर्गाचं कुलूप उघडलं नाही. मामा त्याच्याशी, मग त्याच्या वरच्याशी भांडले आणि सहा पोरांना घेऊन सरळ घरी आले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता मामांच्या हॉलमध्ये वर्ग भरू लागला. मामी पोह्यांची कढई चढवायच्या आणि मला खालून हाक यायची.

मला हाक का, तर मामांची शिकवण्याची पद्धत. गप्पांवर त्यांचा विश्वास नव्हता. "हवापाण्यावर काय बोलायचं? हवा सगळ्यांना दिसते. माणसाला भाषा आली कधी म्हणायची? त्या भाषेत भांडता आलं की!" म्हणून वर्गात फक्त भांडण. या रविवारी विजेचं बिल जास्त आलं, पुढच्या रविवारी कंडक्टरने सुटे दिले नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारी धोब्याने शर्ट जाळला. विद्यार्थ्याने तक्रार करायची: आधी तारीख, मग साक्षीदार, मग मागणी. आणि ज्याच्यावर तक्रार करायची तो हरामखोर इसम नेहमी मी! आठवडाभर बँकेत लोकांचं ऐकून घ्यायचं आणि रविवारी सकाळी मामेसासऱ्यांच्या हॉलमध्ये स्टुलावर बसून केनियाच्या पोराकडून धोबी म्हणून पुन्हा ऐकून घ्यायचं. मी चिडायचो, बायकोजवळ आदळआपट करायचो. ती म्हणायची, "जा हो, तेवढाच मामाला आनंद." माझ्या आनंदाचं कोणी विचारत नव्हतं. त्यातला जोसेफ नावाचा केनियाचा मुलगा तर मामांपेक्षा कितीतरी सफाईदार इंग्रजी बोलायचा. तो शिकायला येतच नव्हता, पोह्यांसाठी येत होता. त्याने मला तीन रविवारांत दोनदा रडकुंडीला आणलं आणि मामांनी उठून टाळ्या वाजवल्या.

मामांचं खरं दुःख होतं सलीम. हा येमेनचा, एडनचा मुलगा, आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, मस्कतला गेलेल्या एका मालकाच्या फ्लॅटमध्ये भाड्याने एकटा राहायचा. उंच, सडपातळ, जिन्यात कोणी दिसलं की भिंतीला चिकटून वाट देणारा. त्याच्या सरकारची शिष्यवृत्ती होती. शेवटचं वर्ष होतं, आणि नापास झाला तर ती बंद होऊन हात हलवत घरी परतावं लागणार होतं. लेखी परीक्षेची त्याला भीती नव्हती, तोंडी परीक्षेची होती. आणि या मुलाला काही केल्या भांडता येत नव्हतं. मी धोबी झालो की तो माझ्या हातातल्या जळलेल्या शर्टाकडे बघून म्हणायचा, "नो प्रॉब्लेम सर, ओल्ड शर्ट." मामा कपाळाला हात लावायचे. शेवटी ते त्याला प्रत्यक्ष सरावासाठी वाशीगावातल्या कोळणीकडे घेऊन गेले आणि हुज्जत घाल म्हणाले. सलीमने बांगडे बघितले, हसला आणि म्हणाला, "व्हेरी गुड फिश." कोळीण मामांवरच उखडली. "काय रं मामा, ह्या पोराला कनाला छलतस? किती गरीब हाय तो! ने रं बाबा, दोन बांगडं जास्ती ने." मामा घरी आले ते लालबुंद होऊन. "चांगुलपणाने मासे मिळवतो, गाढव! असा जगेल का हा?"

त्या वर्षी, परीक्षेला सात आठवडे राहिले असताना, सोसायटीच्या सेक्रेटरीने विशेष सभेची नोटीस फिरवली. विषय एकच: तिसऱ्या मजल्यावरचा परदेशी भाडेकरू आठ दिवसांत काढावा. सलीमविरुद्ध तक्रार काय, तर काही नाही. तो परदेशी होता, एकटा होता आणि त्याच्या खिडकीत पडदा नव्हता. ऐन परीक्षेच्या तोंडावर त्याला दुसरीकडे जागा मिळणं कठीण होतं. पोर रस्त्यावर आलं तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की सगळंच गेलं.

सभा खाली मोकळ्या पार्किंगमध्ये भरली. मामा पांढरा शर्ट घालून, कागदावर मुद्दे लिहून पहिल्या खुर्चीत बसले होते. सलीमला त्यांनी शेजारी बसवलं होतं. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मामा, तुमी रिटायर मानूस, कशाला टेन्शन घेता? फॅमिलीवाले लोक राहतात इथं."

"त्याच्या घरी आई आहे, पाच बहिणी आहेत. तो काय झाडाला लागला होता?" मामा कडाडले. "तारीख सांगा. कुठल्या तारखेला, कोणाला, काय त्रास झाला? साक्षीदार कोण?"

सेक्रेटरीकडे तारीख नव्हती. त्याचा पारा चढला आणि तो बोलू नये ते बोलून गेला. "मामा, स्पष्ट बोलू? स्वतःला पोरबाळ नाय, म्हणून तुमी ही फॉरेनची पोरं घरात जमवता. त्याचा ताप आमी का सोसायचा?"

मामी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. चौतीस वर्षं आणि वर सहा-सात वर्षं ज्या माणसाला शब्द कमी पडला नव्हता, तो हातातला कागद चुरगाळत नुसता उभा राहिला.

तेव्हा सलीम उठला. इतक्या वर्षांत त्याला मराठी कळायला लागलं होतं. "यू विल नॉट स्पीक टू माय टीचर लाइक धिस," तो म्हणाला आणि मग पाच मिनिटं थांबलाच नाही. इंग्रजी मोडकं होतं, पण तारीख होती, साक्षीदार होते, मागणी होती. कोणत्या दिवशी कोणाच्या आजीला उचलून त्याने रिक्षात बसवलं, टाकी साफ करायला कोण उतरलं, आणि आता माफी कोणाची मागायची आहे, सगळं त्याने सांगितलं. तो सेक्रेटरीच्या डोळ्यांत बघून बोलत होता. स्वतःच्या जागेबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. सेक्रेटरीला उत्तर सुचेना, आणि सोसायटीत उत्तर सुचलं नाही की मतदान घेतात.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. मला गॅलरीला ग्रिल लावून ती बंद करायची होती. पावसाचं पाणी आत येत होतं, मुलाला अभ्यासाला जागा नव्हती, आणि माझा अर्ज सेक्रेटरीच्या फायलीत चार महिने पडून होता. "खोली खाली करण्याच्या बाजूने कोण?" असं विचारून सेक्रेटरीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. माझा हात वर गेला. फार वर नाही, खांद्याएवढा. पण त्याने तो मोजला. मामांनीही पाहिला. ठराव मंजूर झाला.

मामांनी त्याच संध्याकाळी सलीमची ट्रंक एक जिना खाली आपल्या घरात आणली. पाहुण्याला घरी ठेवायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही, हे त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन मोठ्याने सांगितलं. आणि मग परीक्षा संपेपर्यंत त्या घरातून आवाज आला नाही. पोरगा अभ्यास करतोय म्हणून मामा दूधवाल्याशीसुद्धा दाराबाहेर जाऊन, कुजबुजत भांडायचे. रविवारचा वर्ग बंद होता आणि माझ्या हक्काच्या रविवारी मी घरात नुसता येरझाऱ्या घालायचो. सलीम पास झाला, तोंडी परीक्षेतही. जाताना तो माझ्याही पाया पडला. त्याला माझा वर गेलेला हात दिसला होता की नाही, मला अजून माहीत नाही.

त्यानंतर मामा पुन्हा पूर्वीसारखे सगळ्यांशी भांडू लागले. पेपर उशिरा आला म्हणून, आमटीत मीठ कमी म्हणून, माझ्या स्कूटरचा आरसा वाकडा म्हणून. प्रत्येक वेळी मी मान खाली घालून थांबायचो, आता त्या हाताचं निघेल म्हणून. ते निघालं नाही. महिन्याभरात मला परवानगी मिळाली आणि ग्रिल बसलं. मामा बघायला आले. मी बाजूला उभा राहिलो. त्यांनी एक गज हाताने हलवून पाहिला, आतल्या मुलाच्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान झालंय. पोराला जागा झाली."

आयुष्यात मी त्यांच्या तोंडून कशाचीही स्तुती ऐकली, ती एवढीच. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या माणसाने अख्ख्या वाशीशी भांडण केलं. एकदा माझ्याशीही करायला हवं होतं.